वरचे दोन थर

दहावीची परीक्षा सुरू झाली की आमच्या मुलुंडच्या गल्लीतल्या शाळेबाहेर आयांची गर्दी होते. कुणाच्या हातात ग्लुकोजचं पाणी, कुणाच्या हातात जास्तीचं पेन, कुणी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत असते. मी भाजीची पिशवी सांभाळत त्यांच्यातून वाट काढते आणि दरवर्षी, ठरल्यासारखं, काळजात धस्स होतं. पेपर माझा नाही, मूल माझं नाही. तरी होतं. पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते, कोपऱ्यावर कलिंगडाची पहिली गाडी लागलेली असते, ऊन अजून भाजत नसलं तरी डोळ्यांना खुपत असतं, आणि कुठूनतरी गरम वार्निशचा वास येतो. खरं तर तो कुठूनच येत नाही. आमच्या आसपास तसला एकही कारखाना उरलेला नाही. तो वास माझ्या नाकातच राहिलाय. मरोळच्या एका गाळ्यातला, ऐंशीच्या दशकातल्या एका मार्चमधला.

त्या मार्चमध्ये मी एका मुलीला जवळजवळ मारूनच टाकलं होतं. राग होता म्हणून नव्हे. तिचे उपकार फेडायचे होते म्हणून.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. सातवीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती आणि होडीच्या भरवशावर मुलगी पाठवायला आईचं मन धजेना. शाळा सुटली ती सुटलीच. विशी उलटल्यावर मावशीकडे मरोळला आले आणि पास्कल अंकलच्या गाळ्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला लागले. अंकल मरोळ गावठाणातले, पिढ्यान् पिढ्यांचे तिथले ख्रिश्चन. घरी मराठीच बोलत, फक्त हेल वेगळा. मला ‘बाय’ म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझी बोटं बघितली, म्हणाले, “बारीक आहेत. चालतील.” तीच माझी मुलाखत.

काम म्हणजे तांब्याची तार गुंडाळायची. केसाएवढी तार, वेढ्याला वेढा लागून. एक थर भरला की वर तेलकट पिवळा कागद, त्यावर पुढचा थर. डोक्यावरून विमान उतरायला लागलं की गाळ्याचे पत्रे थरथरत, सगळ्यांचं बोलणं अर्ध्यावर थांबे. हात मात्र चालूच. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला थोडे वेढे असतात, दुसऱ्या बाजूला पुष्कळ. ते पुष्कळ जितके जास्त, तितकी वीज जास्त दाबाने बाहेर पडते. विजेबद्दल मला एवढंच कळत होतं आणि एवढ्यावर माझं भागत होतं.

अंकलचा एक कायदा होता. आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आजूबाजूला सगळे पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचे आणि प्लास्टिक मोल्डिंगचे कारखाने. सकाळी ती मशीनं सुरू झाली की व्होल्टेज बसायचं. गाळ्यातला बल्ब हळदीसारखा पिवळा व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. मग गिऱ्हाईक माल परत घेऊन यायचं, “अंकल, तुमचा पीस कमी देतो.” त्यावर अंकलनी उपाय काढला होता. “हिशोबाचे वेढे झाले ना बाय, की वर दहा टक्के मार. लेबलवर आकडा हिशोबाचाच लिही.” सगळे गाळेवाले थोड्याफार फरकाने हेच करत. यात काही खोटं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. कमी दिलं तर फसवणूक. जास्त दिलं तर कुणाचं काय बिघडतं?

फिलू अंकलची मुलगी. फिलोमिना हे नाव फक्त चर्चच्या वहीत आणि पॉलिटेक्निकच्या हजेरीपटात. माझ्याहून वर्षभराने लहान, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षाला. केस मुलासारखे कापलेले, बोटांवर सोल्डरिंगचे डाग. एकदा मी वेढ्यांचा भागाकार तोंडी केलेला तिने ऐकला.

“काय गं, तू सातवी ना?”

“हो.”

“मग हे जमतं कसं?”

“जमतं.”

“मग दहावी का नाही दिलीस?”

मी हसले. तिला वाटलं मी तिलाच हसले. दुसऱ्या दिवशी ती सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आली, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी असतो तो. माझं नाव स्वतःच्या अक्षरात भरून झालं होतं. मी फक्त सही करायची होती. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या टेबलावर तारांची रिळं बाजूला सारून, पिवळ्या कागदाच्या पाठीवर ती मला बीजगणित शिकवायची. मी चुकले की पेन्सिलने माझ्या डोक्यावर टकटक. “अगं येडे, एक्स म्हणजे काय भूत आहे का, घाबरायला? त्याचं नाव अजून कळलं नाहीये, एवढंच.”

मला कुणी काही दिलं की मी अस्वस्थ होते. आजही होते. आपल्याला मिळालं ते आपल्या वाट्याचं नव्हतं, कुणीतरी येऊन परत मागेल, त्याआधी आपणच काहीतरी देऊन टाकावं, अशी घाई सुटते. घरापासून लांब राहणाऱ्याला ही खोड लागतेच की काय, कोण जाणे.

त्या वर्षी फिलूने प्रोजेक्टला लेसर घेतला. घरी बनवलेला.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“उजेडच गं. पण शिस्तीतला. सगळा एकाच दिशेला चालणारा.”

“आणि तो कुठून आणणार?”

“हवेतून.”

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती खरंच सांगत होती. एका फळीवर अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद, त्यावर आणखी दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये दाराच्या फटीसारखी एक बारीक फट. पत्र्यांत वीज साठवायची. बाजूला दोन खिळे समोरासमोर ठेवायचे. त्यांच्यात ठिणगी उडाली की साठलेली सगळी वीज एका क्षणात फटीतल्या हवेतून धावते, आणि हवाच उजेड देते. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. समोर धुण्याच्या पावडरीत बुडवून वाळवलेला पांढरा कागद धरायचा, त्यावर निळा ठिपका उमटतो. डोळे त्या रेषेत आणायचे नाहीत. हे तिने मला दहा वेळा बजावलं, आणि पत्र्यांजवळ जाताना एक हात कायम पाठीमागे ठेवायचा, हेही. ते मूळ अंकलचं शिकवणं.

ट्रान्सफॉर्मर अर्थातच आमच्या गाळ्यातला. आणि गुंडाळणारी मी.

दोन दिवस लागले. इतकं देखणं वाइंडिंग मी त्याआधी केलं नव्हतं. हिशोबाचे वेढे झाले. वर अंकलचे दहा टक्के झाले. रिळावर अजून तार शिल्लक होती. आमच्याकडे गावाला तांदूळ मापून दिले की आई वर एक मूठ टाकायची, माप भरलेलं असलं तरी. मला ती मूठ आठवली. फिलूला द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय? मी आणखी दोन थर चढवले. कुणाला न सांगता, मन लावून, एकही वेढा वाकडा जाऊ न देता. मग वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवला आणि लेबलवर माझ्या अक्षरात लिहिलं, सात हजार व्होल्ट.

पहिल्या रविवारी चर्चमधला मास आटपून फिलू आणि अंकल गाळ्यात आले. इस्टेट बंद, सगळीकडे सामसूम. फिलूने खिळे हळूहळू लांब करत नेले. ठिणगी जेमतेम उडी मारेल इतकं जास्तीत जास्त अंतर ठेवायचं, म्हणजे जोर चांगला मिळतो. टक्, टक्, टक्. आणि मग फट्! दिवाळीतल्या लवंगीसारखा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास सुटला. तिने प्लास्टिक उचलून उजेडात धरलं. सुईच्या टोकाएवढं भोक, भोवती काळं कडं.

“वाट लागली,” ती म्हणाली. “प्लास्टिकच भिकार आहे.”

तिने दुसरीकडून दुसरं आणलं, जरा जाड. पत्र्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. “टोक दिसलं की वीज तिथून उडी मारते,” ती मला सांगत होती. “मम्मीसारखी. कोपऱ्यात कचरा दिसला की आलीच.” बुधवारी दुपारी तिला राहवेना. आजूबाजूची प्रेस धडधडत होती, बल्ब पिवळाधमक, आणि तिने बटण दाबलं. टक्, टक्, टक्, टक्. कागदावर एक निळा ठिपका आला. थरथरत होता, पण होता. फिलू किंचाळली. अंकलनी छातीवर क्रूस काढला. हवेतून! आपण सगळे जी ओढतो, सोडतो, तिच्यातून!

“झकास!” फिलूने मला गदागदा हलवलं. “तुझा ट्रान्सफॉर्मर झकास आहे गं!”

पुढच्या रविवारी पुन्हा फट्.

“बुधवारी चालतं, रविवारी मरतं,” फिलू डोकं धरून बसली. “का? सगळं तेच आहे यार.”

“रविवारी काम करू नको, हे देव सांगून थकला,” अंकल म्हणाले. “आता फटाके फोडून सांगतो.”

“डॅडी, प्लीज.”

मी वर बघितलं. बल्ब पांढराफेक होता. आठवड्याचे सहा दिवस हळद लावल्यासारखा असणारा तो बल्ब रविवारी डोळ्यांत घुसत होता. प्रेस बंद होती. विजेवर दुसऱ्या कुणाचा भार नव्हता, ती पूर्ण जोराने येत होती, आणि त्यावर अंकलचे दहा टक्के, आणि त्यावर माझे दोन थर. ठिणगी उडेल तितके खिळे लांब करायचे, ही फिलूची रीत. जोरच जास्त, म्हणजे खिळे जास्त लांब, म्हणजे पत्र्यांत साठणारी वीज प्लास्टिकला न पेलणारी. मला ते सगळं एका झटक्यात कळलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

घरी मावशीला सांगितलं. ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, “गप रव गो. बोललंस तर गावाक धाडतले तुका. मगे खयची परीक्षा आणि खयचा काय?”

मी गप्प राहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार. फिलू मला समीकरणं शिकवत होती आणि मी मान हलवत होते. तिचे बाहेरचे परीक्षक पंधरा दिवसांवर आले होते, माझा पहिला पेपर त्याच्याच आसपास. तिने यावेळी प्लास्टिकचे दोन कागद एकावर एक घेतले होते. टिकतील, मी स्वतःला सांगत होते. दोन आहेत. टिकतील.

तिसऱ्या रविवारी मी दाराजवळ उभी होते. टक् टक् सुरू झालं, जोरजोरात. कागदावर काही दिसेना म्हणून फिलू वाकली. उजव्या हाताने कागद जरा पुढे सरकवायला गेली. लेबलवरच्या आकड्यावरून तिने हिशोब केला होता, पत्र्यापासून हात किती लांब ठेवायचा. माझ्या अक्षरातल्या आकड्यावरून. एक निळी, वेडीवाकडी रेघ पत्र्यातून निघाली आणि तिच्या हाताला चिकटली.

आवाज झाला की नाही, आठवत नाही. फिलू मागे फेकली गेली, वार्निशच्या डब्यावर आदळली आणि जमिनीवर बसली. डोळे उघडे. तोंड उघडं. अंकलनी प्लग ओढून काढला. प्लग माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी तो ओढला नव्हता. माझे पाय, माझे हात, काहीच माझं राहिलं नव्हतं. “फिलू! ए फिलू, बोल गो!” अंकल ओरडत होते आणि ती नुसती बघत होती. किती वेळ गेला? एखादं मिनिट. मग ती म्हणाली, “डावा पाठीमागे होता, डॅडी.”

गावठाणातल्या डॉक्टरनी तेच सांगितलं. दुसरा हात पत्र्याला असता, वीज छातीतून गेली असती. उजव्या हाताच्या तर्जनीखाली एक पांढरा गोल डाग पडला होता, भोवती काळं कडं. अगदी प्लास्टिकवरच्या भोकासारखा. ते बघून मी दवाखान्याच्या पायरीवर ओकले.

परत आल्यावर अंकल तारेच्या ड्रमवर बसले. बराच वेळ बल्बकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “माझे दहा टक्के.” त्यांना कळलं होतं, पण अर्धंच. उठून त्यांनी फळीवरचे तयार ट्रान्सफॉर्मर एकेक करून खाली घेतले आणि नखाने त्यांची लेबलं खरवडून काढायला लागले. इतका मोठा माणूस, शाळेतल्या मुलाने वहीतली चूक खोडावी तसा.

सोमवारी फिलू हाताला पट्टी बांधून आली. “ड्रामा नको, डॅडी. बरं झालं, कारण सापडलं. दहा टक्के, वर रविवारचं व्होल्टेज. खरा आकडा कळला की खिळ्यांचं अंतर तेवढं कमी करते आणि हात तेवढा लांब. नवा ट्रान्सफॉर्मर करायला वेळ आहे कुणाला?” डाव्या हाताने तिने पिवळ्या कागदावर हिशोब मांडला आणि कागद माझ्याकडे सरकवला. “बघ गं, गुणाकार बरोबर आहे ना.”

मी कागद बघितला. सगळं माझ्यावाचून मिटलं होतं. चूक अंकलनी अंगावर घेतली होती. वार्निशच्या आत कुणाला दोन थर मोजता येणार नव्हते. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. दहावी होती, मावशीच्या घरची पथारी होती, हे टेबल होतं, सगळं जागच्या जागी राहणार होतं. गुणाकार बरोबर होता. उत्तर चूक होतं. आणि त्या चुकीच्या उत्तरावरून ती पुन्हा हात पुढे करणार होती.

“आणखी दोन थर आहेत,” मी म्हणाले.

“कसले?”

“माझे. वरचे. मी घातले.”

“कुणी सांगितलं घालायला?”

“कुणी नाही. तू शिकवतेस म्हणून… तुला जास्त द्यावं म्हणून.”

विमान गेलं. पत्रे थरथरून शांत झाले. फिलू माझ्याकडे बघत होती, तशीच, कालच्यासारखी.

“हे कधी कळलं तुला? म्हणजे, यामुळे फुटतंय हे?”

“गेल्याच्या गेल्या रविवारी.”

तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. जोरात. आयुष्यात मला आईनेसुद्धा तशी मारली नव्हती.

“जास्त घातलंस ते जाऊ दे,” तिचा आवाज फाटला होता. “आठवडाभर माझ्या शेजारी बसून गप्प राहिलीस? रोज? मी तुला समीकरणं शिकवत होते गं!”

ती निघून गेली. मी पिशवीत कपडे भरून ठेवले. अंकल मला जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर रिकामं बॉबिन आणि तारेचं रीळ ठेवून ते एवढंच म्हणाले, “नवा कर. मोजून.” कायदा संपला होता. पुढे काही गिऱ्हाइकं कुरकुरली, एकदोन तुटली. अंकलनी वेढे वाढवले नाहीत.

परवा डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, “आजी, लेसरने पाच मिनिटांत होऊन जाईल,” आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. त्या बिचाऱ्या घाबरल्या. हल्ली रस्त्यावर खेळण्यासारखा विकतात तो उजेड. पोरं समोरच्या गच्चीवरून माझ्या भिंतीवर लाल ठिपका नाचवतात. माझा हात आपोआप पाठीमागे जातो. दहावी मी पहिल्या फटक्यात पास झाले. फिलू आता वसईला असते, तिच्या फोनवर माझं नाव ‘येडी’ असं आहे, हे मला तिच्या नातीने सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही सगळं बोललो, पण त्या आठवड्याबद्दल नाही. त्याबद्दल मी तिची माफी मागितली नाही. शब्द जिभेवर येतो आणि मला तोही वरचा थर वाटतो. तिला हवं होतं ते एका रविवारी, एका वाक्यात, वेळेवर. ते मी दिलं नाही. ते आता कितीही दिलं तरी भरत नाही.

थोबाडीत मारली त्याच आठवड्यात, गुरुवारी, फिलू गाळ्यात आली. माझ्याकडे न बघता शेजारी स्टूल ओढून बसली आणि वाइंडिंगच्या मशीनवरचा वेढ्यांचा आकडा वाचायला लागली. मी गुंडाळत होते, ती मोठ्याने आकडे वाचत होती. दुसरं काही बोलत नव्हती. हिशोबाचा शेवटचा आकडा आला. रिळावर तार शिल्लक होती. माझा हात हँडलवर होता आणि तो थांबवताना मला घाम फुटला. इतकंच द्यायचं? नेमकं इतकंच? “बस,” फिलू म्हणाली. मी तार कापली. लेबल तिने स्वतः लिहिलं नाही, तिने माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाली, “वेढे किती तेही लिही. खाली नाव लिही तुझं.” मग बऱ्याच वेळाने, “उद्या गणिताचं पुस्तक आण. प्रमेयं बाकी आहेत.”

रविवारी मास झाल्यावर फिलूची मम्मीही आली, आमची मावशीही आली, पदर तोंडात धरून दारात उभी राहिली. बल्ब पांढराफेक होता. फिलूने मला प्लगपाशी उभं केलं. “तू इथून हलायचं नाहीस. काही झालं तर ओढायचा. विचार करत बसायचं नाही.”

टक्, टक्, टक्, टक्. मी श्वास घेतला नाही. टक्, टक्, टक्. प्लास्टिक टिकलं होतं. कागदावर निळा ठिपका उमटला, स्थिर, रविवारच्या पूर्ण जोराला. मम्मी येशूचं नाव घेत ‘जेजू’ म्हणाल्या, अंकल टाळ्या वाजवायला लागले, मावशी विचारत होती, “खंय? खंय दिसता?” सगळे कागदाकडे बघत होते. मला तो ठिपका नीट आठवतच नाही. मी फिलूच्या उजव्या हाताकडे बघत होते, पट्टी सुटलेल्या, कागद दोन वीत लांबवर धरलेल्या. प्लगवरची मूठ आवळून मी तिची बोटं मोजत होते. पाच. पुन्हा मोजली. पाच.